सात दहाला परतलेली होडी

मंगळवार, ४ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही, तुझ्या भावजयीचं आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर पत्र न उघडताच रद्दीत गेलं असतं, एवढी अक्कल मला एकोणीस वर्षांत आली आहे. आता उघडलंच आहेस तर पुरतं वाच. आणि लाल पेन खाली ठेव, शुद्धलेखन तपासायला पाठवलेलं नाही.

काल नव्या पुलाच्या कामावर ताडपत्र्या पोचवायला गेलो होतो. पोच घ्यायला नगरपालिकेत दुसऱ्या मजल्यावर चढावं लागतं. जिना इतका अरुंद की समोरून जाडा माणूस आला तर एकाने परत खाली उतरायचं. तिथला कारकून ओळखीचा. म्हणाला, "तुमच्या साहेबांचं नाव देणार आहेत पुलाला. पण एक हरकत आलीय." आणि फाईल माझ्यापुढे सरकवली. दीड पान. सही वाचायची गरजच पडली नाही. समास आखून हरकत लिहिणारा मास्तर मला एकच माहीत आहे. शेवटच्या वाक्याखाली तू पट्टी धरून रेघ ओढली आहेस: "ज्या अधिकाऱ्याने आपली माणसं शत्रूच्या काठावर सोडून पाठ फिरवली, त्याचं नाव त्याच नदीवर असू नये."

ती पाठ मी तुझ्यापेक्षा जवळून पाहिली आहे. नियमाप्रमाणे कॅप्टनने तिसऱ्या होडीत बसायचं असतं. पहिल्या दोन बुडाल्या तर हुकूम द्यायला कुणीतरी उरावं म्हणून. साहेबांनी तो नियम वाचला, "छान लिहिलाय" म्हणाले आणि पहिल्या होडीत चढले. ते सगळ्यांत पुढे गुडघ्यावर, नावाड्यांचा म्होरक्या म्हणून मी त्यांच्या मागे वल्हं धरून, आणि माझ्या मागे तू नि पैलवान. नावाचा पैलवान, अंगाने काडी. वारा आला तर होडीत वजन ठेवायला त्याच्या खिशात दगड भरा, असं तूच म्हणाला होतास.

धुक्याच्या भरवशावर निघालो आणि मध्यावर धुकं उठलं. समोर वीटभट्टी, तिच्या उजवीकडे पंपघर, दोन्हीकडे मशीनगन. साहेब ठोके मोजत होते, एक, दोन, एक, दोन, शाळेच्या मैदानात कवायत घ्यावी तसे. डावीकडचा गडी गोळी लागून माझ्या मांडीवर पडला. "एक" तो पडायच्या आधी झाला होता. साहेबांनी वळून त्याचं वल्हं उचललं आणि "दोन" म्हणाले. मोजणी चुकली नाही. मला तर त्या क्षणी आकडेच आठवत नव्हते. तो "दोन" ऐकला आणि माझं वल्हं आपोआप पाण्यात गेलं.

पुढचं अहवालात आहे. प्रत्येक होडीला अलीकडच्या काठावरून दोर होता. आपण उतरलो की साहेबांनी रुमाल हलवायचा, अलीकडच्यांनी रिकामी होडी ओढून घ्यायची आणि दुसरी खेप भरायची. गोळ्यांनी दोर तुटले. होड्या शत्रूच्या काठाला अडकल्या, साठ माणसं आणि काडतुसांच्या पेट्या अलीकडे राहिल्या. म्हणून साहेब एकटे होडी घेऊन मागे गेले आणि सात वाजून दहा मिनिटांनी दुसरी खेप घेऊन आले. त्या अहवालावर माझी सही आहे, आणि त्या दिवसाचं पदकही माझ्याकडे आहे.

तू तोवर पंपघर घेताना मांडीत गोळी खाऊन पडला होतास. साहेब उतारावरून होडीकडे पळताना तुला दिसले, पैलवान "पळाला!" म्हणाला, आणि तुझी शुद्ध गेली. पैलवान परत आला नाही. त्याचं सामान द्यायला तू त्याच्या बहिणीकडे गेलास, आणि पुढे तीच आमची वहिनी झाली. त्याचा तो शेवटचा शब्द तू आजवर सांभाळलास. मला समजतं रे ते. पण तुझ्या घरी जेवताना मी एकदा साहेबांना देवमाणूस म्हणालो, तर तू माझं ताट उचललंस आणि म्हणालास, "त्या पळपुट्याचं नाव काढायचं असेल तर पुन्हा ह्या घरात पाय ठेवू नकोस." मी ठेवला नाही.

चोवीस तारखेला, सोमवारी अकरा वाजता सुनावणी आहे. साहेब म्हातारे झालेत. हरकत मागे घे.

तुझा धाकटा, अजून मूर्खच

*

मंगळवार, ११ मार्च

दादा,

कार्ड मिळालं. एकोणीस वर्षांनी उत्तर आणि तेही चार ओळींचं, म्हणजे तब्येत ठणठणीत दिसते. "दोर ओढणाऱ्यांपैकी एक जण मला इस्पितळात भेटला होता. दोरांची टोकं शाबूत होती. गोळी गाठ सोडत नाही. कुणी सोडली ते तुझ्या साहेबाला विचार."

म्हणून रविवारी साहेबांकडे गेलो. लॉन्ड्रीच्या वर दोन खोल्या आहेत. बाईसाहेब वारल्यापासून एकटेच असतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे टेबलफॅन दुरुस्त करतात, आणि प्रत्येक पंख्याला चिठ्ठी बांधलेली: "तिसरा मजला, आजी, आवाज करतो." "कोपऱ्यावरचा शिंपी, फिरतो पण वारा नाही." भिंतीवर एक फोटो नाही, एक प्रशस्तिपत्र नाही. त्या लढाईत बहिरा झालेला उजवा कान अजून तसाच आहे, त्यामुळे माणूस डावीकडे बसवतात.

मी काही बोलायच्या आतच विचारलं, "मास्तर कसे आहेत? थंडीत मांडी दुखते का?" मी हरकतीचं सांगितलं. तर हसले. "समास सोडलाय?" म्हणाले. मग म्हणाले, "त्याने पाहिलं तेच लिहिलंय. माझ्या हाताखालचा माणूस न पाहिलेलं लिहीत नाही, ह्याचं मला बरं वाटतं." राग नाही, दुखावणं नाही. दादा, ह्या माणसावर तू दीड पान खर्च केलंस.

चहा झाला. निघताना त्यांनी मला थांबवलं. "एक विचारायचं होतं. दुसरी खेप घेऊन येताना भट्टीवरची मशीनगन आमच्यावर लागली होती. होडीला दोन भोकं, एकात माझी टोपी कोंबलेली. आता संपलं असं मी मनात म्हटलं. तेवढ्यात पंपघराच्या भिंतीपाशी कुणीतरी भट्टीवर गोळ्या झाडायला लागलं आणि मशीनगन तिकडे वळली. नाहीतर आमच्यातला एकही काठाला लागत नव्हता. कोण होतं रे ते?"

मी म्हणालो, मला ठाऊक नाही.

दोराचं विचारायचं राहून गेलं. विषयच निघाला नाही.

धाकटा

*

गुरुवार, १३ मार्च

दादा,

परवाचं पत्र टाकल्यापासून दुकानात लक्ष नाही. एका गिऱ्हाइकाची ताडपत्री मी उलटी शिवली. विषय निघाला होता. मीच काढला होता, त्याचसाठी तर गेलो होतो.

तुझी भावजय मला हसते की मी घरात आलो की आधी गाठी सोडतो. पिशवीची, बुटांची, दारातल्या कुणाच्याही गाठोड्याची. एकदा पाहुण्यांचं परत न्यायचं सामान मी दारातच सुटं करून ठेवलं होतं. ही सवय कुठली ते तुला वेगळं सांगायला नको. तलावावर तीन महिने आपला सराव चालला होता. एकदा काठाला बांधलेली होडी वाऱ्याने उलटली आणि खाली माणूस अडकला, तेव्हापासून साहेबांचा नियम: काठ लागला की आधी गाठ सोडायची. आणि दुसरा नियम, पहिली होडी करेल ते बाकीच्यांनी करायचं. मी झोपेतसुद्धा गाठी सोडायचो.

दोर बांधून होड्या मागे ओढायची युक्ती आदल्या संध्याकाळी ठरली. साहेबांनी मला तीनदा सांगितलं, "उद्या गाठ सोडायची नाही." मी तीनदा "होय साहेब" म्हणालो.

काठ लागला, आणि माझ्या हातांनी गाठ सोडली. मला विचारलंसुद्धा नाही. बाकीच्या तीन नावाड्यांनी माझ्याकडे पाहून आपापल्या गाठी सोडल्या. साहेबांनी उतारावरून रुमाल हलवला आणि चार दोर पाण्यावरून सरसर मागे गेले, नुसते दोर. मी वल्हं घेऊन होडीकडे धावलो, पण हात असे थरथरत होते की वल्हं दोनदा चिखलात पडलं. साहेबांनी ते उचललं. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. म्हणाले, "मागे दोर नाही हे ह्यांना कळलं तर ह्यांचं लक्ष मागेच राहील. मी परत येईपर्यंत दोराचा एक शब्द कुणाशी बोलायचा नाही. हुकूम आहे." डावीकडच्या तुकडीच्या प्रमुखाला "धरून ठेवा" एवढंच सांगितलं, होडीत उताणे झाले आणि तसेच पडून वल्हवत गेले. दोन्ही काठांवरच्या माणसांमध्ये, भर नदीत, एकटे. तो प्रमुख पंधरा मिनिटांत गेला, बाकीचे तीन नावाडीही त्याच सकाळी गेले. सगळं ठाऊक असलेला मी एकटाच उरलो.

गाठ मी सोडली, दादा. साहेब परत येईपर्यंतच्या चाळीस मिनिटांत आपली काडतुसं संपत आली आणि त्यांच्या शेवटीशेवटी पैलवान गेला. एवढं माहीत असून मी बारा वर्षं वहिनींच्या हातचं जेवत होतो. तू ताट उचललंस तेव्हा मला राग आला, आणि खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं.

रविवारी मी साहेबांना म्हणालो, तुम्ही गप्प राहायचा हुकूम दिला होता, आता बोलू का? ते पंख्याचं पातं पुसत होते. म्हणाले, "मी सात दहाला परत आलो होतो. हुकूम तेव्हाच संपला. त्यानंतर गप्प बसलास तो तू." एकतीस वर्षं मी ज्या हुकमाच्या आड बसलो होतो तो चाळीस मिनिटांचा होता.

मग अहवालात गोळीने दोर तुटले असं का लिहिलंत, मी विचारलं. "तीन महिने सवय मी लावली. ती एका संध्याकाळी मोडेल असं मी धरून चाललो. चूक माझी होती, पण अहवालात एवढं लिहायला जागा नव्हती." आणि पदक? "ते हात थरथरायचे थांबल्यावर तू केलेल्या सहा खेपांचं. ते खरं आहे, ठेव."

चोवीस तारखेला सुनावणीत हे मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. त्याआधी तुला सांगायला हवं होतं. वहिनींना सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्यात आणखी धीर नाही.

धाकटा

*

सोमवार, १७ मार्च

भावोजी,

तुमचं पत्र ह्यांनी वाचलं आणि टेबलावर तसंच टाकून गच्चीत जाऊन बसले. जेवायला बोलावलं तर आले नाहीत. मग मी वाचलं. मला राग आला आहे आणि तो अजून उतरलेला नाही. माझ्या स्वयंपाकघरात बसून तुम्ही दुसऱ्यांदा भाजी मागून घ्यायचात, आणि हे सगळं पोटात ठेवून!

ह्यांचं म्हणणं असं की दोर कुणीही सोडला असो, पैलवान "पळाला" म्हणाला ते मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि मेलेल्या माणसाचा शब्द मी खोडणार नाही. हरकत आहे तशीच राहील.

पण ह्यांची शुद्ध तिथेच गेली होती. तुमची नव्हती गेली. माझा भाऊ त्यानंतर अर्धा तास तरी जिवंत होता, हे तुमच्याच पत्रावरून कळतं. आणि तो अर्धा तास तोंड मिटून बसणाऱ्यातला नव्हता. काय म्हणाला ते लिहा. मला बरं वाटावं म्हणून काही रचू नका. मी त्याची बहीण आहे, मला लगेच कळेल.

तुमची वहिनी

*

गुरुवार, २० मार्च

वहिनी,

तुम्ही वहिनी म्हणून सही केलीत. ते मी दोनदा वाचलं आणि मग लिहायला बसलो.

साहेब गेल्यावर मी रांगत पंपघराशी आलो. दादा भिंतीला टेकून पडला होता आणि पैलवान स्वतःचा सदरा फाडून त्याच्या मांडीला बांधत होता. त्याने मला विचारलं, "साहेब कुठे चाललेत?" मी म्हणालो, "माहीत नाही."

हुकूम दोराबद्दल न बोलण्याचा होता. "परत येणार आहेत" एवढं मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही, कारण मग पुढचा प्रश्न आला असता, मागे जावं का लागलं? पैलवान म्हणाला, "पळाला!" आणि वर एक कचकचीत शिवी घातली. दादाने ते ऐकलं आणि त्याचे डोळे मिटले. माझ्या "माहीत नाही"मुळे त्याच्या तोंडून तो शब्द निघाला. गेली एकतीस वर्षं दादा त्या शब्दाला धरून बसला आहे आणि मी ते बघत बसलो आहे.

नंतरचा अर्धा तास पैलवान बोलतच होता. गोळी झाडायची आणि बोलायचं. तुमच्याबद्दलही बोलला, की घरी एकाही वादात तुम्ही त्याला जिंकू दिलं नाहीत, आणि तुम्हाला फौजेत घेतलं असतं तर समोरचे आपणहून घरी गेले असते. मी हसलो. त्या दिवशी मी हसलो होतो हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

सात वाजून गेले असतील. त्याच्याकडे चौदा काडतुसं उरली होती. त्याने भिंतीवरून डोकं वर काढलं आणि लगेच खाली बसला. "होडी येतेय," म्हणाला. "पुढे कोण बसलंय बघ." मी पाहिलं. साहेब होते, गुडघ्यावर, कानातून रक्त वाहत मानेपर्यंत आलेलं. आवाज येणं शक्यच नव्हतं, पण तोंड हलताना दिसत होतं. ठोके मोजत होते.  पैलवानाने चिखलावर दोनदा तळहात आपटला आणि म्हणाला, "चीत! झालो चीत. शब्द परत घेतला." त्याने असं का केलं ते मला कधी कळलं नाही. कुस्ती तर तो जन्मात खेळला नव्हता. तुम्हाला कदाचित कळेल.

तेवढ्यात भट्टीवरची मशीनगन होडीवर लागली. होडीत पाणी चढताना दिसत होतं. पैलवान भट्टीकडे बघून म्हणाला, "तिकडे काय बघतोस, इकडे बघ ना," आणि भिंतीच्या बाहेर जाऊन उभा राहिला. मी त्याचा पाय धरला, त्याने झिडकारला. चौदांपैकी अकरा गोळ्या त्याने भट्टीवर झाडल्या, एकेक नेम धरून. मशीनगन त्याच्याकडे वळली. तो पडला तेव्हा होडी काठाला लागली होती आणि साहेब उडी मारून स्वतःच्या हाताने दोराची गाठ तपासत होते.

तो मदतीची वाट बघत मेला असं मी तुम्हाला समजू दिलं. खरं म्हणजे त्यानेच मदत काठावर आणली. हे सांगायचं तर आधी दोराचं सांगावं लागलं असतं, म्हणून मी तुमच्या भावाचा पराक्रमही गिळून टाकला. गाठ सोडली ती चूक होती. हे मात्र मी जाणूनबुजून केलं. ह्याची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही.

काल साहेबांकडे जाऊन हे सगळं सांगितलं. त्यांनी चालू पंखा बंद केला, डावा कान पुढे केला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.  "पंपघरापाशी तो काडीपैलवान होता होय," एवढंच दोनदा म्हणाले. मग डोळे पुसले, न लपवता, आणि टेबलाच्या खणातून कागद काढला. आता पुलाच्या फाईलमध्ये दोन हरकती होणार आहेत. दुसरी खुद्द साहेबांची आहे. पुलाला आपलं नाव नको, ज्याने होडी काठाला लावली त्याचं द्या, असं लिहिलं आहे. पैलवानाचं खरं नाव कागदावर कसं लिहायचं ते तुम्हाला विचारायला सांगितलं आहे. आणि दादाला निरोप आहे: "मास्तरांना विचार, समास किती सोडायचा."

सोमवारी साहेब येणार आहेत. जिना अरुंद आहे, दोन मजले आहेत, दादाच्या पायाला एकट्याने जमायचं नाही. साहेब म्हणाले, एका बाजूने ते धरतील. दुसऱ्या बाजूला माणूस लागेल. मी पावणेअकरापासून खालच्या पायरीशी उभा असेन. दादाला विचारून ठेवा, मी धरलं तर चालेल का.

तुमचा,
धाकटा भावोजी